पाटाच्या दाराची मोहीम

रेवणप्पानं कारकुनाचं जपानी नाव तिसऱ्यांदा खोडलं आणि शेवटी नुसतं 'कारकून' एवढंच ठेवलं.

दुपारी गंगासागर आणि सुग्रीव येणार होते. रेवणप्पा गावच्या पाणीवाटप संस्थेत कारकून होता; दर रविवारी संस्थेच्या ऑफिसातल्या लांब टेबलावर तिघांचा खेळ चालायचा. रेवणप्पानं तो पुण्यात शिकताना उचलला होता. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. आपण काय करणार ते बोलून सांगायचं, जमलं की नाही ते फाशानं ठरवायचं. गोष्टी सगळ्या जुन्या जपानातल्या. पुस्तकातल्या तयार मोहिमा केव्हाच संपल्या होत्या, म्हणून आता तो घरीच रचायचा.

आधीच्या सहा मोहिमांत भुतं होती, दरोडेखोर होते. या सातवीत तसलं काही नव्हतं. एक दुष्काळी गाव. पाटाचं लाकडी दार एका दुपारी उघडं राहतं, तळ्यातलं सगळं पाणी वाहून जातं, आणि पाणी सोडणारा म्हातारा पाणक्या तो आळ अंगावर घेतो. दोन समुराईंनी खरा दोषी शोधायचा.

दोषी कारकून होता. सगळ्या खुणा त्याच्याकडेच जात होत्या.

गेल्या चैत्रात गावात असंच घडलं होतं. बिंदुसरा धरण आटलेलं. टँकरचं पाणी संस्थेच्या टाकीत साठवायचं आणि वॉलमन बंकटनं ते आळीआळीला सोडायचं. त्या दिवशी बंकटला नारायणगडाला जायचं होतं. जाताना तो रेवणप्पाला हळूच म्हणाला, "चेअरमनला सांगू नका. तेवढं वरच्या आळीला पाणी सोडा."

रेवणप्पानं सोडलं. वॉल बंद केला, असं त्याला वाटलं. मग तो ऑफिसात मोहीम लिहीत बसला. चार वाजता बाहेर येतो तर टाकी रिकामी, पाणी सगळं नाल्यात आणि वॉल सताड उघडा. सकाळी आपण तो फिरवला होता का, हे त्याला काही केल्या आठवेना. डोक्यात तेव्हा समुराई होते.

दुसऱ्या दिवशी बैठकीत चेअरमन भगवानरावांनी विचारलं, "वॉल कुणी उघडा ठेवला?"

रेवणप्पा उठणार, तेवढ्यात बंकटच उठला.

"चूक माझी हाय मालक. माझ्याकडूनच ऱ्हायला."

रेवणप्पा बसून राहिला.

बंकटचं काम गेलं. पाच दिवस टँकर आला नाही. बायकांनी त्याच्या दारात रिकाम्या घागरी आणून आपटल्या. तो पारावर यायचा बंद झाला आणि चारा छावणीत शेण उचलू लागला. रेवणप्पा समोर आला की मान मात्र बंकटच खाली घालायचा. ज्यानं आपल्याला वाचवलं त्यानंच अशी नजर चुकवावी, हे रेवणप्पाला सगळ्यात जास्त लागायचं. भाकरी गोड लागत नव्हती.

गंगासागर ही बंकटची मुलगी. मेडिकलच्या दुकानात कामाला होती. बापाचं काम गेल्यावरही तिनं एक रविवार चुकवला नाही. तिच्यासमोर सरळ बोलायची रेवणप्पाची छाती होईना. म्हणून ही मोहीम. तिनं कारकुनाकडं बोट केलं, की उठायचं आणि म्हणायचं, तो कारकून मीच.

दोन वाजता खेळ सुरू झाला.

"माझा समुराई आधी जेवतो," सुग्रीव म्हणाला. सुग्रीव दूध गोळा करायचा. तो नेहमी असंच सुरू करायचा.

"गावात दुष्काळ हाय," रेवणप्पा म्हणाला.

"मंग समुराईनं डबा आणलाय बे."

गंगासागर हसली नाही. तिच्या समुराईनं पाणक्याचं घर बघितलं, मग पाट. फासा चांगला पडला. दाराशी शाईचे ठिपके सापडले. पुढच्या फाशाला कारकुनाची तुटकी वहाण सापडली.

"झालं की!" सुग्रीवनं टेबलावर थाप मारली. "कारकूनच हाय. धरा त्याला."

रेवणप्पा तिच्याकडे वळला. "गंगा, तुझा समुराई काय म्हणतो?"

तिनं टेबलावरच्या गावाच्या नकाशात पाणक्याच्या घरावर बोट ठेवलं. "पाणक्यानं आळ अंगावर कशापायी घेतला?"

"कारकुनाला वाचवायला."

"कारकून त्याचा कोण लागतो?"

"कुणी न्हाई. पाणक्या भला माणूस हाय."

"एवढं भलं कुणी नसतंय, दादा." तिनं फासा उचलला आणि न टाकताच खाली ठेवला. "माझा समुराई कारकुनाला धरत न्हाई."

"खुणा नीट बघ. सगळ्या त्याच्याकडंच जातात."

"तुमी चुकीचं लिहिलंय."

"मी रचलंय गंगा. दोषी कोण ते मला ठाऊक न्हाई व्हय?" रेवणप्पाचा आवाज चढला. खुर्ची मागं सारून तो उभा राहिला. "ऐक. तो कारकून..."

"पाणक्याला एक पोरगी हाय," ती मध्येच म्हणाली.

सुग्रीवनं कागद चाळले. "ह्यात पोरगी कुठंच न्हाई की."

"बापानं तिचं नाव मधी येऊच दिलं न्हाई. दोन घागरी चोरून भराव्या म्हणून ती दुपारी गेलती. मंग दार तिच्यानं मिटंना. घाबरून पळाली. बाप गडावरून आल्यावर त्याच्या पायावर पडली, तर तो म्हणला, तू गप ऱ्हा." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच रेवणप्पाकडे सरळ बघितलं. "वॉल मी उघडलता, दादा."