पिवळा दिवा

दस्तगीर मिस्त्रीने स्टिअरिंगखाली यंत्राची वायर जोडली आणि पडद्यावरचा कोड वाचला.

"ऑक्सिजन सेन्सर गेलाय, काकू. धूर बाहेर जातो त्या नळीत असतो. बाकी इंजिन ठणठणीत आहे."

"इंजिनचा हा दिवा लागल्यावर गाडी चालवली तर?"

"खुशाल चालवायची. पेट्रोल जरा जास्त खाईल, एवढंच. लाल लागला तर थांबायचं. पिवळ्याला कोण थांबतं?"

मी थांबले होते. महिन्यापूर्वी ह्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा दवाखान्यात मीच नेत होते. अर्ध्या वाटेत हा दिवा लागला. गाडी पेट घेईल या भीतीने मी ती कडेला घेतली. हे म्हणत होते, "चल गं, काही होत नाही." मी जप करत रुग्णवाहिकेची वाट पाहिली. ती चाळीस मिनिटांनी आली.

"सेन्सर उद्या बसवतो. तोवर दिवा विझवू?" दस्तगीरने विचारलं.

दिवा विझला म्हणू नये, शांत झाला म्हणावं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ह्यांच्याबद्दल डॉक्टरही 'शांत झाले' एवढंच म्हणाले होते.

"विझव बाबा," मी म्हणाले.