उतारावरची खंडेनवमी

बिबवेवाडीच्या उतारावर पद्माकरने फियाटच्या पुढच्या चाकांना दोन मोठे दगड लावले, मागची डावी बाजू जॅकवर चढवली, चाक काढलं आणि गाडीखाली शिरला. आधी मागचे ब्रेक बदलायचे, मगच खंडेनवमीची पूजा, असं त्याने बायकोला बजावलं होतं. पण गंजलेला ड्रम काही केल्या निघेना. तो मागून हातोडी मारत राहिला. पुढच्या बाजूला सुनीती पूजा मांडत होती.

"अहो, झालं का? नारळ फोडायचाय."

"देवाला सांग, ड्रम अडकलाय."

आणखी चार ठोके घातल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, हँडब्रेक ओढलेलाच राहिलाय! आत बसून जरा सोड बघू."

ती आत बसली. हँडब्रेक सुटल्याचा आवाज आला आणि पुढच्याच ठोक्याला ड्रम सैल झाला. पद्माकर हसला. तेवढ्यात जॅक करकरला.

"सुनीती, पुढचे दगड घट्ट आहेत ना गं?"

"ते मघाशीच उचलले हो, रांगोळीत येत होते. आता चाकांखाली लिंबं ठेवलीत."