बेचव चिकू

अंगणातलं चिकूचं झाड तोडायला दुपारी माणसं येणार होती. त्याआधी हरेश्वर सावे दाढेतला शर्कराकण बदलून घ्यायला घोलवडच्या दवाखान्यात गेले. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या दाढेत हा कण असायचा. तो दिवसभराची साखर मोजायचा आणि ठरलेला वाटा संपला की जिभेला गोड लागणंच बंद करायचा.

“सकाळी काय घेता, काका?” सिस्टर प्रणिताने विचारलं.

“दोन केळी आणि पेलाभर दूध. साखरेला मी शिवतसुद्धा नाही.”

“तीन वर्षांपूर्वी बसवलेला जुना कण केळ्यातली, दुधातली साखरही मोजायचा. तुमचा वाटा न्याहारीलाच संपत होता. नवा फक्त वरून घातलेली साखर मोजतो. अख्ख्या फळाची कशाला धास्ती घ्यायची?”

हरेश्वरना अंगणातलं झाड आठवलं. तीन वर्षं ते चिकू तोंडात घालून थुंकत होते आणि झाड बिघडलं म्हणत होते. कुमुदिनी, त्यांची बायको, गोड आहे म्हणायची. पण झाड तिनेच लावलेलं, म्हणून त्यांनी तिचं कधी मनावर घेतलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी एक पिकला चिकू फोडला. लगेच दुसरा खाल्ला. मग फोन करून माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं.

“आणि माझी खीर?” कुमुदिनी दारातून म्हणाली. “तिलाही तीन वर्षं नावं ठेवलीत.”

“खिरीत तू साखर घालतेस,” हरेश्वर तिसरा चिकू सोलत म्हणाले. “ती नवा कणही मोजतो.”

कुमुदिनीने त्यांच्या हातातला चिकू काढून घेतला आणि ती स्वयंपाकघराकडे वळली.

“मग आज हाच घालते.”