विकणारे दोघं

जयमालाबाईनं पेन उचललं, कागदावर टेकवलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"काय वं, अशानं बीबीची गाडी चुकीन ना तुही," गोविंदा म्हणाला. जयमाला त्याची एकुलती एक बहीण. भावाच्या एका फोनवर ती सकाळीच सासरच्या गावाहून, बीबीहून निघून आली होती, बापाच्या घरावरचा हक्क सोडल्याची सही द्यायला.

वकीलबाईंच्या टेबलाच्या अलीकडं घर घेणारी गीताबाई बसली होती. दुसरबीडला रस्त्यालगत दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात नळ. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन ती रोज त्या घरावरून जायची. लग्न झाल्यापासून भाड्याच्या खोल्या बदलत आलेली बाई ती. ते अंगण तिला भरदिवसा स्वप्नात दिसायचं. आता एवढी सही झाली की घर तिचं.

खरं तर वकील लावण्यावरूनच गीताबाईच्या घरात खडाजंगी झाली होती. देवळातल्या कीर्तनाला गोविंदा मृदंगावर असायचा आणि गीताबाईचा नवरा उकंडराव टाळकऱ्यांत. कीर्तनातल्या विण्यावर हात ठेवून, शपथेवर गोविंदा म्हणाला होता, घर माझ्या एकट्याचं आहे. उकंडरावाला तेवढं पुरे होतं. "इण्यापरीस मोठा वकील कोणता असते बाई? उद्या गोविंदाच्या बाजूले कोणत्या तोंडानं उभा राहू मी?"

"देवावर भरोसा हायच जी," गीताबाई म्हणाली होती. "गोविंदभाऊचं तेवढं पाहून घ्याचं हाय." आणि ती एकटीच सिंदखेडराजाला अनुपमा वकीलबाईंकडं जाऊन आली. वकीलबाईंनी कागद बाजूला सारून पहिलाच प्रश्न विचारला, "गोविंदरावांच्या वडिलांना मुली किती?"

गोविंदा खोटं बोलला होता असं नाही. आपण खरंच बोललो, असं त्याला मनापासून वाटत होतं. वारसांत बहीण धरायची असते हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

"जयमालाताई, कोणाचा दबाव तर नाही ना?" वकीलबाई आता विचारत होत्या. "सही केली की त्या घरावर तुमचा काही हक्क राहत नाही."

"दबाव कायचा मॅडम?" उकंडरावच मध्ये बोलला. "बहिणी कुठं हिस्सा मांगत असतात? सही करतात, लुगडं घेतात, जेवून जातात."

"हाव, लुगडं आणलं हाय दादानं," जयमाला हसली. मग पेनाकडं बघत हळूच म्हणाली, "आमच्या घरावर नवे पत्रे टाकाचे होते. हिश्शाचं काही आलं असतं तर झालं असतं ते. पण जाऊ द्या. कुठं करू सही?"

गीताबाईच्या तोंडून शब्द निसटलेच. "थांबा ताई. वकीलबाई, खरेदीत विकणारे दोघं लिहा. पैसे दोघाइले येगयेगळे देऊ."

गोविंदा ताडकन उठला. "मंग सौदा मोडला. पाहा दुसरं घर."

कीर्तन रंगात आलेलं असताना मृदंगच थांबावा आणि टाळकऱ्यांचे हात अधांतरी राहावेत, तशी ती खोली झाली.

"घालवलं ना हातचं घर," उकंडराव दबक्या आवाजात म्हणाला.

"जाऊ द्या." गीताबाई म्हणाली. "राहू आणखी भाड्यानं. पण एका लेकीचं मन मोडून घेतलेल्या घरात मी दिवा लावला, तरी देवाले दिसन काय तो?"

गोविंदा दारापर्यंत पोचला होता. जयमालानं घाईघाईनं पेन उचललं. "दादा, असा रागानं जाऊ नको ना. मले पत्रे नको, काही नको. हे पाह्य, करून राह्यली मी सही."

गोविंदा वळला. बहीण खरंच कागदावर वाकली होती. नावाचं पहिलं अक्षर तिनं काढलंही होतं. तो परत आला आणि मृदंगावर चालणारा आपला रुंद तळवा त्यानं कागदावर ठेवला.

"ठेव ते पेन." तो म्हणाला. "लिहा मॅडम. दोघाइचं नाव लिहा. इण्यावर हात ठेवला तवा हे माह्या ध्यानातच आलं नाही बाप्पा."

जयमालानं पदर डोळ्यांना लावला. गीताबाईनं हात जोडले. कोणाला जोडले, ते तिलाही सांगता आलं नसतं. हसत ती नवऱ्याकडं वळली, तर त्याची खुर्ची रिकामी.

घर मिळालं, पण चारचौघांत बायको आपल्यापुढं बोलली हे त्याला लागलं असणार. ती लगबगीनं बाहेर आली. उकंडराव निंबाखाली पाठमोरा उभा होता, फोन कानाला लावून. पलीकडं राखी होती, धामणगाव बढ्याला दिलेली त्याची धाकटी बहीण. बापाच्या शेतावरचा हक्क सोडायला त्यानं तिला बोलावून ठेवलं होतं, हे गीताबाईला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"सोमवारी सही कराले ये म्हटलं होतं ना तुले," उकंडराव म्हणत होता. "सही राहू दे. तुहा हिस्सा घ्याले ये बाई."