नवऱ्याच्या नावावाचून

अमेरिकेतल्या स्टॉकटनच्या चर्चमध्ये फेलीताई नागरिकत्वाचे अर्ज भरून देत होत्या. जोव्हेलिनचा नंबर लागताच तिच्या नवऱ्यानं, नेस्टरनं, आपला अमेरिकन पासपोर्ट ऐटीत टेबलावर ठेवला. "घ्या, ताई! इतरांना इथे पाच वर्षं राहावं लागतं, नागरिकाच्या बायकोला तीनच पुरतात. हिनं आळसात पाच घालवली. बाईसाहेब इथे आल्या त्या माझ्याच जिवावर!" रांगेतले सगळे हसले. जोव्हेलिननं पासपोर्ट हळूच बाजूला सरकवला. "नवऱ्याच्या नावावर नको, ताई. माझी स्वतःची पाच वर्षं भरलीत, तेच लिहा." फेलीताई म्हणाल्या, "अगं, म्हणजे दोन वर्षं मुद्दाम थांबलीस? एव्हाना नागरिक होऊन आईला फिलिपिन्सहून आणता आलं असतं!" "आईच थांब म्हणाली. यांचे टोमणे तिनं फोनवर ऐकले. म्हणाली, ‘त्याच्या उपकारावर मी यायची नाही.’" नेस्टरची मान खाली गेली. सारं ऐकूनही म्हातारी दर रविवारी फोनवर त्याला विचारायची, "जेवलास का रे, बाळा?"