तवंग

वेल्समधल्या त्या किल्ल्याला इंग्रजांचा वेढा पडून अख्खा हिवाळा उलटला होता. तरी आज स्वयंपाकीण नेस्टच्या रश्श्यावर चरबीचा तवंग होता. “मेंढी कुठं लपवली होतीस गं?” म्हातारा दरवान मॅडोग बोटं चाटत म्हणाला. “गिळ मुकाट्यानं, थेरड्या!” समुद्राकडचं लोखंडी जाळीचं दार वरून धाडकन पडावं म्हणून त्यानंच दोन्ही बाजूंच्या खाचांत चोपडलेली चरबी तिनं पहाटे खरवडली होती. शत्रू डोंगराकडं होता. समुद्रातून फक्त धान्य यायचं. तेवढ्यात बुरुजावरून आरोळी आली, “आयर्लंडचं गलबत!” शिपायांनी साखळ्या ओढल्या. दार करकरत वर गेलं. नेस्ट पळी हातात घेऊनच दाराशी धावली. गलबत धक्क्याला लागताच पोत्यांआडून इंग्रज भालेकरी उठले. “दार पाडा!” बुरुजावरून ओरडा झाला. मॅडोगनं साखळ्या सोडल्या. दार निम्म्यावर अडकलं. त्यानं खाचेत बोट फिरवलं, नेस्टकडं पाहिलं. बोट कोरडं होतं. त्याचे ओठ मात्र चकाकत होते.