तळाला लागलेला भात

भाचीनं मंचावर स्वतः लिहिलेलं पुस्तक उघडलं आणि मावशी खुर्चीत पुढे सरकली.

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. मावशीनं नेहमीसारखी डाव्या टोकाची खुर्ची धरली होती, म्हणजे उजवा कान मंचाकडे राहतो. डावा कान डब्यांच्या कारखान्यातल्या पत्रा कापायच्या यंत्रानं कधीच खाल्ला होता.

"आता 'आईचा भात' वाचते," भाची म्हणाली.

शेजारी बसलेला थोरला भाऊ मावशीच्या उजव्या कानाला लागला. "आईचा भात? आपल्या ताईला धड चहा जमत नव्हता. कान तेवढे तिखट. भिंतीपलीकडचं कुजबुजणं ऐकायची."

"दादा, तुझ्या पाया पडते. आज गप्प बस."

"मी बसेन गं. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तर जिभेचं काही सांगता येत नाही."

दादाच्या पोटात आजवर एकही गुपित टिकलं नव्हतं.

ताई वारली तेव्हा तिची ही पोर दीड वर्षाची होती. चार दिवस तोंडात घास धरेना. पाचव्या दिवशी मावशीनं थाप मारली, "हा भात आईनं पाठवलाय." पोरीनं वाटी चाटूनपुसून रिकामी केली. मग थाप रोजचीच झाली. पोरीला समज आल्यावर थापेला नवं रूप द्यावं लागलं : "तुझ्या आईनं शिकवलेला भात आहे हा." इतकी वर्षं ताटात वाढलेलं खोटं आज छापून आलं होतं. ते चारचौघांत उघडं पडलं, तर पोरीकडे आईचं म्हणून काय उरणार? आणि त्यानंतर ती मावशीचं तोंड तरी कशाला बघेल?

भाची वाचू लागली. "आईचा भात रोज तळाला लागायचा."

दादानं कोपरानं ढोसलं. मावशीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. तिला वाटलं, आत्ताच उठावं आणि दाराबाहेर जावं. पण मनगट सोडलं, तर दादा बोलला असता.

"शेजारीपाजारी नावं ठेवायचे. म्हणायचे, हिचं लक्ष नसतं. लक्ष होतं. पाणी आटलं की पातेल्याचा आवाज बदलतो, तो तिला कळायचा नाही. करपल्याचा वास आला की धावायची."

दादाचं कोपर जागीच थांबलं.

भाचीनं पुस्तक मिटलं. पुढचं तिला पाठ असावं. ती सरळ डाव्या टोकाच्या खुर्चीकडे बघत म्हणाली :

"मी ओट्यापाशी गेले की तिच्या उजव्या बाजूला उभी राहायचे. डावीकडून कितीही हाका मारल्या, तरी माझी आई वळायची नाही."